दिव्याची बाई रुग्णाच्या दारी

दरवर्षी १२ मे रोजी जगभर परिचारिका दिन पाळला जातो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा तो जन्मदिवस. हातात दिवा घेऊन रात्री जखमी सैनिकांच्या खाटांमधून फिरणारी बाई, एवढीच त्यांची ओळख आपल्याला शाळेच्या पुस्तकातून झालेली असते. आपल्या गावाचे नावच दिवा असल्याने हे चित्र आम्हाला थोडे अधिक जवळचे वाटते. पण युद्धावरचे ते काम दोन वर्षेही चालले नाही. त्यानंतर फ्लॉरेन्सबाई चोपन्न वर्षे जगल्या. त्या वर्षांत त्यांना एक प्रश्न वारंवार पडत राहिला. रुग्णालयाच्या दारातून बाहेर पडलेल्या माणसाचे, विशेषतः लहान मुलाचे, घरी गेल्यावर काय होते? त्यांच्या चरित्राची ही बाजू आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. आज तीच आपण पाहू या.

बालपण आणि पाचारण

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स या शहरात झाला. तिचे इंग्रज आईवडील तेव्हा प्रवासात होते. मुलगी ज्या शहरात जन्मली त्याचेच नाव त्यांनी तिला दिले. घराणे श्रीमंत होते. इंग्लंडमध्ये त्यांची दोन मोठी घरे होती, एक डर्बिशायरमध्ये आणि दुसरे हॅम्पशायरमध्ये. वडिलांनी फ्लॉरेन्स आणि तिची बहीण पार्थिनोपी यांना घरीच शिकवले. लॅटिन, ग्रीक, इतिहास असे मुलांनाच शिकवायचे विषय या मुली शिकल्या. फ्लॉरेन्सला गणिताची विशेष गोडी होती. ही गोडी पुढे हजारो लोकांच्या कामी आली.

७ फेब्रुवारी १८३७ रोजी, वयाच्या सतराव्या वर्षी, देव आपल्याला त्याच्या सेवेसाठी बोलावत आहे असे तिला स्पष्टपणे जाणवले. ही तारीख तिने स्वतः नोंदवून ठेवली होती. मात्र सेवा कोणती, हे उमगायला काही वर्षे गेली. घराजवळच्या खेड्यांतील गरीब आजाऱ्यांच्या झोपड्यांत ती जाऊ लागली. अंधाऱ्या कोंदट खोलीत पडलेला रुग्ण, शेजारी गोंधळलेली आई, काय करावे हे सांगायला कोणी नाही, हे तिने तिथे पाहिले. तिच्या सेवेची सुरुवात अशी रुग्णालयात नव्हे, तर लोकांच्या घरी झाली, हे आपण ध्यानात ठेवायला हवे.

१८४५ साली तिने सॉल्झबरीच्या रुग्णालयात काम शिकण्याची परवानगी मागितली तेव्हा घरात मोठा क्षोभ झाला. त्या काळी रुग्णालयात काम करणाऱ्या बायका अशिक्षित आणि दारूच्या आहारी गेलेल्या असतात असा समज होता, आणि तो अगदीच खोटा नव्हता. खानदानी घरातील मुलीने तिथे पाऊल टाकणे आईला आणि बहिणीला सहन होईना. फ्लॉरेन्सला त्यानंतर आठ वर्षे वाट पाहावी लागली. आलेली लग्नाची मागणीही तिने नाकारली. पाचारण मिळाले म्हणजे वाट लगेच मोकळी होतेच असे नाही. आपल्यातील अनेक धर्मभगिनींच्या घरीही हेच घडलेले असते.

धर्मभगिनींकडून घेतलेले धडे

फ्लॉरेन्स अँग्लिकन पंथाची होती. तरी रुग्णसेवा म्हणजे काय हे शिकण्यासाठी तिला धर्मभगिनींकडेच पाहावे लागले, कारण ते काम शिस्तीने आणि प्रेमाने करणाऱ्या स्त्रिया तेव्हा मुख्यतः तिथेच होत्या. १८४७-४८ च्या हिवाळ्यात ती रोममध्ये होती. तेथील त्रिनिता देई मोंती या मठात राहून तिने मदर सांता कोलोंबा यांच्या मार्गदर्शनाखाली काही दिवस मौनप्रार्थना केली. १८५० आणि १८५१ साली जर्मनीतील कायझर्सवर्थ येथे प्रोटेस्टंट सेविकांच्या संस्थेत तिने प्रशिक्षण घेतले. १८५३ साली ती पॅरिसमध्ये सिस्टर्स ऑफ चॅरिटी यांच्याकडे गेली. पुढे कार्डिनल झालेले फादर मॅनिंग यांची या कामी तिला मदत झाली होती.

त्याच वर्षी लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरील एका छोट्या रुग्णालयाची प्रमुख म्हणून तिची नेमणूक झाली. तिथे तिने एक अट घातली. केवळ अँग्लिकनच नव्हे, तर कॅथोलिक आणि यहुदी रुग्णांनाही प्रवेश मिळाला पाहिजे आणि त्यांच्या धर्मगुरूंना त्यांच्या भेटीला येऊ दिले पाहिजे. तसे होणार नसेल तर आपण काम करणार नाही, असे तिने कळवले. समितीला ते मान्य करावे लागले.

स्कुटारीचे दिवस

१८५४ साली इंग्लंड क्रिमियाच्या युद्धात उतरले. जखमी इंग्रज सैनिकांचे हाल वर्तमानपत्रांत छापून आले आणि सरकारने फ्लॉरेन्सबाईंना बोलावले. २१ ऑक्टोबर १८५४ रोजी त्या ३८ परिचारिकांसह निघाल्या. त्यांतल्या १० कॅथोलिक धर्मभगिनी होत्या. बर्मंडसीच्या मठातील मदर मेरी क्लेअर मूर या त्यांपैकी एक. या दोघींचे मैत्र आयुष्यभर टिकले. परतल्यावर मदर क्लेअर त्यांना संतांचे आध्यात्मिक ग्रंथ वाचायला पाठवत असत. नंतर आलेल्या आयरिश धर्मभगिनींच्या प्रमुख मदर ब्रिजमन यांच्याशी मात्र त्यांचे पटले नाही. अधिकार कोणाचा यावरून दोघींमध्ये कटुता आली. थोर माणसांच्या आयुष्यातही असे प्रसंग असतात. ते झाकण्याचे कारण नाही.

स्कुटारीच्या छावणी रुग्णालयाखाली तुंबलेली गटारे होती. जखमांनी मेले त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक सैनिक हगवण, कॉलरा आणि ज्वराने मेले. मार्च १८५५ मध्ये सरकारी आरोग्य पथक आले, गटारे साफ झाली, हवा खेळू लागली आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. फ्लॉरेन्सबाई स्वतः मे १८५५ मध्ये तापाने मरणाच्या दारापर्यंत जाऊन आल्या.

ऑगस्ट १८५६ मध्ये त्या गाजावाजा न करता घरी परतल्या. मग त्यांनी सगळे आकडे मांडले. ज्या रुग्णालयात माणसे बरी व्हायला येत होती, त्याच रुग्णालयाच्या घाणीने त्यांना मारले होते, हे आकड्यांतून दिसले तेव्हा त्यांना मोठा धक्का बसला. ते सरकारला पटवण्यासाठी त्यांनी रंगीत आकृत्या काढल्या. १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सभासद करून घेतले. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री होत्या.

मूल घरी गेल्यावर

१८५७ नंतर फ्लॉरेन्सबाईंची प्रकृती कायमची ढासळली. पुढची कित्येक वर्षे त्या अंथरुणावरूनच काम करीत. १८६० साली त्यांच्या नावाने जमलेल्या निधीतून लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा निघाली. पण त्याआधी, १८५९ च्या अखेरीस, त्यांनी 'नोट्स ऑन नर्सिंग' हे छोटेसे पुस्तक लिहिले होते. ते रुग्णालयातील नर्ससाठी नव्हते. घरात कधी ना कधी आजाऱ्याचे करावे लागणाऱ्या प्रत्येक स्त्रीसाठी होते.

त्या पुस्तकात त्यांनी इंग्लंडमधील बालमृत्यूंचा विषय काढला आहे. तेव्हा तिथे दर ७ बाळांमागे एक बाळ वर्षाच्या आत दगावत होते. लंडनमध्ये दर ५ मुलांपैकी २ मुले पाचवा वाढदिवस पाहत नव्हती. यावर उपाय म्हणून लोक मुलांसाठी वेगळी रुग्णालये काढण्याचे बोलत होते. फ्लॉरेन्सबाईंचे मत वेगळे पडले. मुले मरतात ती घरातील कोंदट हवेने, अस्वच्छतेने आणि चुकीच्या संगोपनाने. रोग घरात आहे, तर उपायही घरात पोहोचला पाहिजे. रुग्णालयात बरे केलेले मूल पुन्हा त्याच खोलीत, त्याच पाण्यावर, त्याच अज्ञानात सोडले तर आपण काय साधले, असा त्यांचा रोख होता. रुग्णालये बंद करा असे त्यांचे म्हणणे नव्हते. मूल गरजेपेक्षा एक दिवसही अधिक तिथे राहू नये आणि घरी गेल्यावर त्याच्याकडे लक्ष असावे, असे त्यांना वाटत होते.

१८६१ साली याच पुस्तकाची कष्टकरी कुटुंबांसाठी स्वस्त आवृत्ती निघाली. तिच्यात त्यांनी बाळ सांभाळण्यावर एक नवे प्रकरण घातले. ते आईसाठी नाही, तर आई कामावर गेल्यावर धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसणाऱ्या थोरल्या बहिणीसाठी आहे! बाळाच्या खोलीत ताजी हवा हवी. त्याला ऊब हवी, पण गुदमरेल इतके गुंडाळू नये. त्याला स्वच्छ ठेवावे, वेळेवर आणि योग्य तेच भरवावे, दचकवू नये, हसतमुखाने त्याच्याजवळ असावे. दिव्याच्या चाळींतून आजही अशा कितीतरी ताया दिसतात. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी एका विद्वान बाईने त्यांच्यासाठी लिहावे, याचे आम्हाला फार कौतुक वाटते.

दारोदार जाणारी नर्स

लिव्हरपूलमध्ये विल्यम रॅथबोन नावाचे व्यापारी राहत होते. १८५९ साली त्यांची पत्नी दीर्घ आजारानंतर वारली. तिची शुश्रूषा मेरी रॉबिन्सन या नर्सने केली होती. रॅथबोन यांच्या मनात आले, आपल्या घरी पैसा असूनही नर्सचा एवढा आधार वाटला, मग गरिबांचे काय होत असेल? त्यांनी मेरी रॉबिन्सन यांना तीन महिन्यांसाठी नोकरीवर ठेवले आणि शहरातील गरीब वस्तीत घरोघर जाऊन आजाऱ्यांची सेवा करायला सांगितले. एका महिन्यातच त्या रडत परत आल्या. ते दारिद्र्य त्यांना बघवेना. रॅथबोन यांनी त्यांना धीर देऊन पुन्हा पाठवले. तीन महिने संपले तेव्हा त्यांनीच हे काम पुढे चालू ठेवण्याची इच्छा दाखवली, कारण आशा सोडलेली माणसे उठून बसताना त्यांनी पाहिली होती.

असे काम करायला आणखी प्रशिक्षित नर्स मिळेनात, म्हणून रॅथबोन यांनी १८६१ साली फ्लॉरेन्सबाईंना विचारले. त्यांनी सुचवले की लिव्हरपूलमध्येच शाळा काढावी. १८६२ साली ती निघाली. शहराचे विभाग पाडून प्रत्येक विभागात नर्स नेमण्यात आली. घरभेटीच्या परिचर्येची व्यवस्थित सुरुवात ती हीच.

अशा नर्सने काय करावे याचा फ्लॉरेन्सबाईंनी बारकाईने विचार केला होता. तिने रुग्णाची सेवा तर करावीच, पण खोलीचीही सेवा करावी. खिडकी उघडावी, केर काढावा, पाणी कुठून येते ते पाहावे. हे सारे घरातल्यांना करून दाखवावे, म्हणजे ती गेल्यावरही ते चालू राहील. गटार तुंबले असेल तर कोणत्या अधिकाऱ्याला कळवायचे तेही तिला माहीत असावे. तिने भिक्षा वाटत फिरू नये. लोकांना स्वतःच्या पायावर उभे करावे. रुग्णालयात डॉक्टर हाकेच्या अंतरावर असतो, घरी नर्स एकटीच असते. त्यामुळे घरी जाणाऱ्या नर्सचे शिक्षण कमी नव्हे, तर अधिक असले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

१८८७ साली राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला ५० वर्षे झाली. त्या निमित्ताने स्त्रियांनी जमवलेल्या निधीतून घरभेटी देणाऱ्या नर्सची देशव्यापी संस्था उभी राहिली. १८९२ साली बकिंगहॅमशायर परगण्यात फ्लॉरेन्सबाईंच्या पुढाकाराने आणखी एक प्रयोग झाला. आजार होण्याआधीच खेड्यातील आयांच्या घरी जाऊन बाळाचे संगोपन समजावून सांगणाऱ्या स्त्रिया तयार करण्यात आल्या. त्यांनी आईला उपदेश न करता तिची मैत्रीण व्हावे, अशी फ्लॉरेन्सबाईंची अपेक्षा होती.

आपल्या देशाशी नाते

फ्लॉरेन्सबाई भारतात कधीच आल्या नाहीत. तरी अंथरुणावरून त्यांनी सुमारे चाळीस वर्षे भारताच्या आरोग्यासाठी लिखाण केले. सुरुवात सैन्याच्या छावण्यांपासून झाली आणि पुढे दुष्काळ, पाटबंधारे, खेड्यांतील पाणी आणि स्वच्छता असे विषय आले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. मुंबईचे पारशी सुधारक बेहरामजी मलबारी यांचे चरित्र दयाराम गिदुमल यांनी लिहिले, त्याच्या १८९२ च्या लंडन आवृत्तीला फ्लॉरेन्सबाईंची प्रस्तावना आहे. याच मलबारी आणि गिदुमल यांनी १९०८ साली मुंबईत सेवासदन सुरू केले. रमाबाई रानडे तिच्या अध्यक्ष झाल्या. १९०९ साली त्यांनी पुण्यात सेवासदन उभे केले आणि मुलींना, विधवांना नर्सचे शिक्षण घेण्यास प्रवृत्त केले. नर्स होणे म्हणजे घराण्याला कमीपणा, ही जी भिंत फ्लॉरेन्सबाईंना सॉल्झबरीत आडवी आली होती, तीच रमाबाईंना पुण्यात ओलांडावी लागली.

आपल्या ठाण्याचाही या इतिहासात मान आहे. १८९१ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात शिकायला गेलेल्या काशीबाई गणपत या पहिल्या भारतीय नर्स मानल्या जातात. त्या ठाण्याच्या होत्या.

१९०७ साली फ्लॉरेन्सबाईंना ऑर्डर ऑफ मेरिट हा किताब मिळाला. तो मिळालेली ती पहिली स्त्री. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये दफन करण्याची तयारी होती, पण त्यांच्या इच्छेनुसार कुटुंबीयांनी ती नाकारली. ईस्ट वेलो या खेड्यातील चर्चच्या आवारात त्यांची कबर आहे. तिच्यावर पूर्ण नावही नाही. केवळ आद्याक्षरे आणि जन्म-मृत्यूच्या तारखा.

दिव्यातले आपण

प्रिय वाचकहो, आता आपल्याकडे पाहू या. दिव्यातील मूल आजारी पडले की आपण कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात जातो, नाहीतर लोकलने परळच्या वाडिया रुग्णालयापर्यंत जातो. मूल बरे होते, डिस्चार्ज मिळतो. हातात कागद, औषधांची पिशवी आणि मनात हजार शंका घेऊन आई गर्दीच्या गाडीतून घरी येते. खरी परीक्षा मग सुरू होते. औषध किती चमचे? दूध ओढत नाही ते झोपेमुळे की आजारामुळे? पुन्हा न्यायचे की थांबायचे?

या प्रश्नाचे उत्तर शोधणारे मोठे काम आपल्याच महाराष्ट्रात झाले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवले. बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९९ साली हे निष्कर्ष लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०११ पासून ही पद्धत देशभर आशाताईंमार्फत राबवली जाऊ लागली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा ६ भेटी द्यायच्या असतात. घरी जन्मलेल्या बाळासाठी पहिल्या दिवसाची भेट धरून ७. कमी वजनाच्या आणि नवजात अतिदक्षता कक्षातून परतलेल्या बाळांवर त्यानंतरही लक्ष ठेवायचे असते. २०१८ पासून त्यात ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यातील भेटींची भर पडली आहे. आशाताई नर्स नसतात, पण गरज पडल्यास त्या नर्सला आणि डॉक्टरला गाठून देतात.

अडचण एवढीच की आपल्या वस्तीत माणसे सारखी खोल्या बदलतात. बाळंतपणाला माहेरी गेलेली आई परत आल्याचे कोणाला कळतही नाही. यादीत नाव नसेल तर भेट होणार कशी? म्हणून आम्हाला तीन साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, डिस्चार्जच्या वेळी पुढची तारीख आणि औषधांचे प्रमाण समजेपर्यंत विचारावे, त्यात लाजू नये. दुसरी, घरी येताच आपल्या भागातील आरोग्य केंद्रात बाळाची नोंद करावी. तिसरी, धोक्याच्या खुणा घरातल्या प्रत्येकाला माहीत असाव्यात. बाळ दूध ओढेनासे झाले, अंग गार पडले किंवा तापले, श्वास जलद झाला, छाती आत ओढली जाऊ लागली, झटके आले किंवा उठवूनही उठेना, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

आणि ज्यांच्या घरी लहान मूल नाही त्यांनी काय करावे? आपल्या धर्मग्रामात निवृत्त नर्स आहेत, रोज वॉर्डात उभ्या राहून रात्री शेवटच्या गाडीने परतणाऱ्या सिस्टरही आहेत. त्यांच्यावर सगळा भार टाकणे योग्य नव्हे. पण शेजारच्या खोलीत मूल रुग्णालयातून घरी आले आहे, एवढी बातमी त्यांना किंवा आशाताईंना पोहोचवणे तर आपल्या प्रत्येकाला जमेल. प्रभू येशू पेत्राच्या घरी गेला आणि त्याच्या तापाने फणफणलेल्या सासूच्या बिछान्याजवळ उभा राहिला, हे आपण शुभवर्तमानात ऐकतो. आजाऱ्याने आपल्याकडे येण्याची वाट त्याने पाहिली नाही.

मिस्सा संपवून आज घरी जाताना आपल्या मजल्यावर, आपल्या चाळीत असे एखादे मूल आहे का, एवढे विचारून पाहू या.